करिअर कन्सल्टेशनला ३५०० रुपये दिले, कामाला आला एक प्रश्न आणि एक शेअर

ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी तीन स्टार. एक स्टार त्यांच्या पीडीएफने घालवला, एक त्या टेस्टने. उरलेले तिन्ही दुसऱ्या सेशनमधल्या मॅडमचे. सर्व्हिसचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, माझ्या एकट्याच्या अनुभवावरून कोणाचं दुकान बसवायचं नाही, आणि अशा सर्व्हिस आता पुण्यात गल्लोगल्ली झाल्यात, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच मिळतं.

आधी माझं सांगतो. मी क्वालिटीत आहे, ऑटो पार्ट्स, भोसरी ते चाकण याच पट्ट्यात अकरा वर्षं झाली. त्यातली सात एकाच कंपनीत, आणि त्या सातातली पाच सीनियर इंजिनियर म्हणून. तो सीनियर शब्द एकदा चिकटला तो चिकटलाच. दरवर्षी अप्रेझलला बॉस म्हणायचा, पुढच्या वर्षी तुझं नक्की बघू, आणि बेल कर्व्हमध्ये मी दरवर्षी नेमका मधल्या फुगवट्यात, ना वर ना खाली. शेवटी बाहेर बघायला लागलो आणि नशिबाने एकाच महिन्यात दोन ठिकाणी पगार बोलण्यापर्यंत गोष्ट आली, शेवटचा इंटरव्ह्यू तेवढा बाकी. एक मोठी लिस्टेड कंपनी, चाकणलाच, नाव सांगितलं की नातेवाईक मान हलवतात अशी. दुसरी एका कुटुंबाची प्रायव्हेट लिमिटेड, ॲल्युमिनियम डाय कास्टिंगवाली (वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात दाबून पार्ट बनवणारी), तळेगाव साईडला, हिचं नाव ऐकून सासऱ्यांनी दोनदा विचारलं, कोणती म्हणालात? पैशात हातात येणारा फरक महिन्याला चारेक हजारांचा, मोठीकडे जास्त. पण मला पैसा बघायचाच नव्हता एवढा, मला बघायचं होतं की पुन्हा पाच वर्षं एकाच पदावर सडायला नको. म्हणून मित्राच्या सांगण्यावरून हे कन्सल्टेशन घेतलं. दोन सेशन, एक टेस्ट, एक रिपोर्ट, ३५०० रुपये, वर जीएसटी.

टेस्टबद्दल थोडक्यात. १२० प्रश्न, तुम्हाला पार्टीत अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं का वगैरे. निकाल आला की तुम्ही ॲनालिटिकल आहात. अहो, गेज लावून होल मोजून पोट भरतो मी, ॲनालिटिकल नसतो तर आतापर्यंत कस्टमरने हाकलला असता. पहिलं सेशन सगळं या निकालाच्या रंगीत गोलांवर गेलं, घेणारा मुलगा पंचविशीतला, छान बोलत होता, पण पीपीएपी (नवा पार्ट चालू करण्याआधी कस्टमरची मंजुरी घ्यायची पद्धत) म्हणजे काय ते मलाच त्याला समजावावं लागलं.

रिपोर्ट १४ पानांचा. पाचव्या पानावर पाय चार्ट, नवव्यावर इंटरव्ह्यूत विचारायचे प्रश्न, तेच ते, कंपनीचं पाच वर्षांनंतरचं चित्र काय असेल वगैरे, आणि अकराव्या पानाच्या डोक्यावर माझ्याऐवजी भलत्याच कोणाचं तरी नाव, बहुतेक बँकेतल्या ताई असाव्यात कारण खाली ब्रँच मॅनेजर होण्याबद्दल सल्ला होता. कळवलं तर दोन दिवसांत दुरुस्त करून पाठवलं, सॉरीपण म्हणाले. पण स्टार गेला तो गेला.

दुसऱ्या सेशनला मात्र मॅडम होत्या, कंपन्यांमध्ये वीस वर्षं एचआर करून बाहेर पडलेल्या. त्यांनी रिपोर्ट उघडलाच नाही. म्हणाल्या, "इंटरव्ह्यूत काय विचारणार आहात?" मी म्हटलं, "ग्रोथ कशी आहे ते विचारीन." त्या हसल्या. म्हणाल्या, "ते विचारू नका. ग्रोथ नाही असं उत्तर अजून कुठल्या एचआरने दिलेलं नाही, मीपण वीस वर्षांत कधी दिलं नाही. तुम्ही विचारा, या जागेवर आधी कोण होतं आणि आता ते कुठे आहेत. बस." मग मला कागद घ्यायला लावला आणि जुन्या कंपनीतलं माझं डिपार्टमेंट काढायला लावलं. वर एक हेड, खाली दोन डेप्युटी मॅनेजर, खाली आम्ही नऊ सीनियर. म्हणाल्या, प्रत्येकाचं वय लिहा. हेड ४६, डेप्युटी ४१ आणि ३९. रिटायरमेंट किती? ५८. मग म्हणाल्या, "म्हणजे हेडची खुर्ची रिकामी व्हायला बारा वर्षं, तीपण या दोघांपैकी एकाला, आणि मग त्याच्या खुर्चीला तुम्ही नऊ जण. तुमचा बॉस खोटं बोलत नव्हता हो, त्याच्याकडे द्यायला काही नव्हतंच."

मी त्या कागदाकडे बघत बसलो. पाच वर्षं मी स्वतःच्या कामात खोट शोधत होतो, एट-डी रिपोर्ट (कस्टमरच्या तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा रिपोर्ट) अजून चांगला लिहायचो, रविवारी कस्टमरकडे खराब पार्ट वेगळे काढायला, सॉर्टिंगला जायचो, आणि ग्रोथ अडली होती साध्या बेरजेत. खुर्ची एक तर कोणी रिटायर झालं की रिकामी होते, नाहीतर कोणी सोडून गेलं की, नाहीतर नवीन प्लांट किंवा नवीन लाईन आली की. चौथा रस्ता नाही. आणि रिकामी झाल्यावर ती आतल्याला देतात की बाहेरून आणतात हा पुढचा प्रश्न. या पाऊण तासाचे मी आजही ३५०० देईन.

मॅडमनी पुढे सांगितलं की बरीचशी माहिती बाहेर उघडी पडलेली असते, फक्त कोणी उघडून बघत नाही. इथून पुढचं मी घरी बसून केलेलं आहे आणि मला वाटतं सर्व्हिसपेक्षा हेच लोकांना जास्त उपयोगी पडेल.

लिस्टेड कंपनीचं सोपं आहे. बाजारमूल्यात पहिल्या हजारात असलेल्या कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट) नावाचा रिपोर्ट द्यावाच लागतो, सेबीचा नियम आहे, ॲन्युअल रिपोर्टच्या आतच असतो. लोक तो पर्यावरण-बिर्यावरण समजून सोडून देतात. त्यात पहिल्याच भागात परमनंट एम्प्लॉयी आणि वर्कर यांचा टर्नओव्हर रेट तीन वर्षांचा दिलेला असतो, म्हणजे दरवर्षी किती टक्के लोक सोडून गेले ते. माझ्यावाल्या मोठीचा आकडा तीन वर्षं चढतच होता आणि शेवटच्या वर्षी पाव हिस्सा स्टाफ गेलेला. आता कोणी म्हणेल बरंच की, लोक गेले तर जागा रिकाम्या. मीपण आधी तेच म्हटलं. त्याच रिपोर्टात पुढे अजून एक तक्ता आहे, किती टक्के लोकांचा परफॉर्मन्स आणि करिअर डेव्हलपमेंट रिव्ह्यू झाला त्याचा. तिथे या कंपनीने शंभर टक्के लिहिलं होतं. त्यावर जाऊ नका, माझाही दरवर्षी शंभर टक्के रिव्ह्यू व्हायचा. फॉर्म भरला की झाला रिव्ह्यू.

खरी मजा पुढे आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १९७ आणि त्याखालचे २०१४ चे नियम, त्यात लिस्टेड कंपनीला पगाराचे काही आकडे द्यावेच लागतात, मेडियन, म्हणजे बरोबर मधल्या माणसाचा पगार वर्षात किती टक्के वाढला, रोलवर परमनंट लोक किती, ते सगळं. आणि सगळ्यात जास्त पगार घेणाऱ्या दहा जणांचा तक्तापण करावा लागतो. त्यात पद, शिक्षण, वय, कंपनीत कधी लागले ती तारीख, त्याआधी कुठे नोकरीला होते, आणि कुठल्या डायरेक्टरचे नातेवाईक आहेत का, हे सगळं असतं! मला हे माहीतच नव्हतं, अकरा वर्षं नोकरी करून. फक्त बऱ्याच कंपन्या तो तक्ता छापील रिपोर्टात घालत नाहीत, खाली एक बारीक ओळ असते की ज्या शेअरहोल्डरला हवा असेल त्याने कंपनी सेक्रेटरीला लिहावं.

शेअरहोल्डर. मग झालो शेअरहोल्डर. मोबाईलवर एक शेअर घेतला, सहाशे चाळीस का काहीतरी रुपयांना, दुसऱ्या दिवशी डीमॅटला आला, आणि संध्याकाळी कंपनी सेक्रेटरींना मेल टाकला, आदरणीय महोदय, मी आपल्या कंपनीचा सभासद आहे, छातीच फुगली होती लिहिताना. बायको म्हणाली, ज्या कंपनीत नोकरी मागतोय त्यांनाच नोटीस पाठवल्यासारखं काय लिहितोय. मलाही धाकधूक होती की एचआरला कळेल. पण सेक्रेटरियल डिपार्टमेंट आणि प्लांटचं एचआर यांची तोंडं वेगळ्या दिशेला असतात, चौथ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आणि सोबत पीडीएफ, कोणी काही विचारलं नाही.

तो तक्ता मी प्रिंट काढून स्केचपेनने रंगवला. दहा जणांपैकी सहा जण गेल्या चार वर्षांत बाहेरून आलेले. दोघांच्या पुढे नातेवाईकाच्या रकान्यात डायरेक्टरचं नाव. उरलेले दोघं जुने, आत वाढलेले, आणि ते दोघंही फायनान्सचे. प्रॉडक्शन किंवा क्वालिटीतून चढत वर गेलेला एकही माणूस नाही. आता हे टॉपचे दहा आहेत, मला तर असिस्टंट मॅनेजर व्हायचं होतं, तेव्हा यावरून सगळंच ठरवणं बरोबर नाही हे मान्य. पण घरात वडीलधारे कसे वागतात त्यावरून घराचा अंदाज येतोच ना. पाव हिस्सा लोक सोडून जातायत, आणि भरती वरपासून बाहेरून, हे दोन कागद शेजारी ठेवले की रिकाम्या खुर्च्या कोणासाठी आहेत ते दिसतं.

खालच्या लेव्हलसाठी मी लिंक्डइन वापरलं, फुकटवालंच. कंपनीच्या पेजवर पीपल म्हणून भाग आहे, तिथे क्वालिटी टाकून एकेकाची प्रोफाईल उघडायची आणि बघायचं की ट्रेनी म्हणून लागून त्याच कंपनीत मॅनेजर झालेला कोणी आहे का. मला दोन सापडले चाळीसेकांमध्ये. आणि प्लांट क्वालिटी हेडच्या खुर्चीवर साडेचार वर्षांत तीन माणसं येऊन गेलेली. अर्थात आपल्या शॉप फ्लोअरची माणसं लिंक्डइन कुठे अपडेट करतात, अर्ध्यांचा फोटो लग्नातला आहे, त्यामुळे यावर फार भरवसा नको. ॲम्बिशनबॉक्सवर, जिथे नोकरदार आपल्या कंपनीला रेटिंग देतात, प्रमोशनचं रेटिंग वेगळं दिलेलं असतं तेपण बघितलं, पण तिथे मी आकडा नाही बघत, तारीख बघतो. एकाच आठवड्यात पाच-सहा जणांनी पाच स्टार देऊन ग्रेट लर्निंग लिहिलं असेल तर समजायचं कोणीतरी मीटिंगमध्ये सांगितलंय.

प्रायव्हेट लिमिटेडची पंचाईत अशी की यातलं काहीच नसतं. तिथे कामाला आली पीएफवाल्यांची, म्हणजे ईपीएफओची साईट, एस्टॅब्लिशमेंट सर्च. कंपनीचं नाव टाकायचं, कॅप्चा भरायचा, मग पेमेंट डिटेल्स बघायचे. प्रत्येक महिन्याचा पीएफ कधी भरला, किती भरला आणि किती लोकांचा भरला ते ओळीने येतं. साईट चालते बैलगाडीसारखी, कॅप्चा मला चौथ्यांदा बरोबर आला, पण माहिती सोन्यासारखी. धाकट्या कंपनीचा आकडा तीन वर्षांपूर्वी १४६ होता तो २१२ झालेला, एकदम नाही, हळूहळू, आणि एकही महिना भरायला उशीर नाही. एक लक्षात ठेवा, कॉन्ट्रॅक्टवरची पोरं कॉन्ट्रॅक्टरच्या कोडमध्ये असतात, ती इथे दिसत नाहीत, त्यामुळे हा आकडा रोलवरच्यांचा. कधी कधी एकाच कंपनीचे दोन-तीन कोड असतात, आणि ज्या मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो त्यांच्यासाठी हा मार्ग नाही.

आता इंटरव्ह्यू. मोठीकडे शेवटची फेरी प्लांट हेड आणि एचआर मॅडमसोबत होती. काही प्रश्न आहेत का म्हटल्यावर मी तो प्रश्न विचारला, या पोस्टवर आधी कोण होतं आणि ते आता कुठे आहेत? एचआर मॅडम लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधायला लागल्या. प्लांट हेड सरळ माणूस निघाला, म्हणाला, "ते गेले, बेटर ऑपॉर्च्युनिटी." मी म्हटलं, आणि त्यांच्या आधीचे? म्हणाला, "तेपण." मग आम्ही तिघंही हसलो, दुसरं काय करणार. नंतर मी मेलवर विचारलं की सीनियर इंजिनियरऐवजी असिस्टंट मॅनेजर लिहाल का, नाहीतर निदान बारा महिन्यांनी ग्रेड रिव्ह्यू होईल एवढं तरी ऑफर लेटरमध्ये टाकाल का. उत्तर आलं, लेटरचा फॉरमॅट सिस्टिममधून येतो. रागावण्यासारखं काही नाही त्यात, मोठ्या कंपनीत असंच असतं, पण मला जे कळायचं ते कळलं.

धाकटीकडे मालक स्वतः बसले होते, साठीचे, समोर टेबलावर एक कापलेलं कास्टिंग, आतली ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी दाखवायला ठेवलेलं. तोच प्रश्न विचारला. ते काही बोलले नाहीत, फोन उचलला, "जरा वर या." दोन मिनिटांत राखाडी युनिफॉर्ममधले एक गृहस्थ आले, खिशात व्हर्नियर, हाताला डाय लुब्रिकंटचा तो वास, मालकांनी दुसऱ्यांदा सांगितल्यावर खुर्चीच्या कडेवर बसले. २००९ ला डिप्लोमा ट्रेनी म्हणून लागले होते, लाईन इन्स्पेक्शन, मग इनकमिंग, मग स्टँडर्ड रूम, आता क्वालिटी मॅनेजर. मी त्यांना विचारलं, "साहेब, तुमच्या वर कोण?" त्यांनी मालकांकडे बघितलं. मालक मोकळेपणाने म्हणाले, "वर मी. आणि पुढच्या वर्षी मुलगा येतोय शिकून." म्हणजे जिना आहे, पण कुठवर आहे तेही समोर दिसलं. मला हे आवडलं खरं सांगायचं तर. मोठ्या कंपनीत आभाळाएवढी ग्रोथ आहे म्हणतात आणि पहिली पायरीच दाखवत नाहीत.

पण एक अडचण होतीच, हे मॅनेजर माझ्याच वयाच्या आसपासचे, मग माझी खुर्ची कुठली? मालक म्हणाले, दुसरा प्लांट. प्रत्येक मालक दुसऱ्या प्लांटची गोष्ट सांगतो हो, मी चार ऐकल्यात, त्यातले तीन अजून ओसाड प्लॉट आहेत. मी म्हटलं, बघता येईल का? ते गाडीतून घेऊन गेले. शेड उभी होती, प्रेसची फाउंडेशन भरलेली, आणि कोपऱ्यात काचेची खोली अर्धी झालेली. विचारलं तर म्हणाले सीएमएम रूम, म्हणजे पार्टची मापं अचूक घेणाऱ्या मशीनची खोली. मशीनची पीओ (खरेदीची ऑर्डर) दिली का विचारलं तर फोनमध्ये पीओ उघडून दाखवली, ॲडव्हान्स भरल्याचीसुद्धा. ज्याला नुसती गोष्ट सांगायची असते तो सीएमएमला ॲडव्हान्स भरत नाही. लेटरमध्ये असिस्टंट मॅनेजर आणि नवीन प्लांट दोन्ही लिहून मिळालं, बारा महिन्यांच्या रिव्ह्यूचं मात्र म्हणाले, "तो शब्द समजा." तो शब्दच आहे, कागदावर नाही, हे मला माहितीय.

अजून एक काम केलं होतं जे कुठल्या साईटवर होत नाही. दोन्ही कंपन्यांच्या गेटबाहेरच्या टपरीवर शिफ्ट सुटायच्या वेळेला जाऊन चहा प्यायलो. मोठीच्या बाहेर पोरं गटागटाने मोबाईलमध्ये दुसऱ्या कंपन्यांच्या ओपनिंगबद्दल बोलत होती, टपरीवाला म्हणाला, इथं चेहरे लक्षात ठेवायचं मी सोडून दिलंय. धाकटीच्या बाहेरचा टपरीवाला उधारीची वही ठेवतो. त्याची वही बघून मी जॉइन व्हायचं अर्धं ठरवलं असं म्हटलं तरी चालेल.

आता जॉइन होऊन आठ महिने झाले. सीएमएम आली, दोन महिने उशिरा, रूमचा एसी अजून दुपारी दगा देतो आणि तापमान वीसवर टिकत नाही म्हणून आम्ही क्रिटिकल पार्ट सकाळी मोजतो. हाताखाली दोन मुलं आहेत. मालकांचा मुलगा आलाय, माणूस बरा आहे, पण प्रत्येक मीटिंगला डॅशबोर्ड मागतो. मॅनेजर झालेलो नाही, ते होईल की नाही हे बारा महिने भरल्यावर कळेल. बायकोचं म्हणणं अजून तेच आहे की चार हजार कमी आणि घरापासून अकरा किलोमीटर जास्त, याला प्रगती म्हणतात का, आणि तळेगाव-चाकण रस्त्याला संध्याकाळी अडकलो की मलाही उत्तर सुचत नाही.

तर सर्व्हिसचं परत. रिपोर्टच्या तेराव्या पानावर शिफारस काय होती माहितीय? मोठी कंपनी, कारण ब्रँड व्हॅल्यू. म्हणजे त्यांच्याच मॅडम एक सांगतायत आणि त्यांचंच टेम्प्लेट दुसरं छापतंय. मी फोन करून विचारलं होतं की टेस्ट आणि रिपोर्ट नको, नुसतं मॅडमचं एक सेशन मिळेल का, मित्राला हवंय. तर नाही, पॅकेजमध्येच येतं म्हणाले. घ्यायचं असेल तर बुकिंग करतानाच सांगा की दोन्ही सेशन मॅन्युफॅक्चरिंगमधून आलेल्या माणसासोबतच हवीत, कधी कधी ऐकतात. शनिवारी संध्याकाळचे स्लॉट मिळतात, रविवारी बंद. पैसे परत करण्याची पॉलिसी पहिल्या सेशनपर्यंतच आहे, नंतर नाही.

तो एक शेअर अजून माझ्याकडेच आहे. परवा त्याचा सात रुपये डिव्हिडंड जमा झाला, म्हणजे ३५०० मधले तेवढे वसूल. एजीएमची, म्हणजे शेअरहोल्डरांच्या वार्षिक सभेची नोटीसपण आलीय, यंदाचा तक्ता मागवणार आहे, बघू त्या दहातले किती उरलेत.